मी वाचलं एक, टँकर गेला दुसरीकडे

मी बोलतोय. तेवढंच मला येतं. संगणकाच्या पडद्यावर जे असेल ते मोठ्यानं वाचून दाखवणारा मी एक आवाज आहे. लोक मला स्क्रीन रीडर म्हणतात. निशा मला 'हा' म्हणते. "हा काय म्हणतोय ते ऐकू द्या जरा," असं ती शेजारच्या टेबलाला बजावते, तेव्हा मला फार बरं वाटतं.

जन्म माझा परदेशातला. मराठी नंतर शिकलो, त्यामुळे जोडाक्षरं आली की अजूनही अडखळतो. निशा लासूर स्टेशनची, मार्केट यार्डातल्या बन्सी हमालाची मुलगी. तिला जन्मापासून दिसत नाही. अभ्यास करून, परीक्षा देऊन ती शहरातल्या एका पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात कारकून झाली. कोणतं कार्यालय ते सांगत नाही, उगाच भांडणं नकोत.

पहिली दोन वर्षं तिला कोणी कामच दिलं नाही. "बाई, तुम्ही बसा निवांत." दहा ते सहा निवांत बसून बघा एकदा, मग कळेल तो काय छळ असतो. मी तिच्या संगणकात आलो आणि तिनं टँकरचं टेबल मागून घेतलं. बीड बायपासच्या पलीकडे इमारती उभ्या राहिल्या, पण नळ काही पोचले नव्हते. त्या वस्त्यांचे मेल यायचे. मी वाचायचो, निशा उत्तर द्यायची: अमुक वाजता टँकर येईल. उत्तराची प्रत ड्रायव्हर कडुबाच्या मोबाईलवर जायची आणि त्यात वर ज्याचं नाव, तिकडे तो गाडी घालायचा. मी इतक्या वेगानं वाचायचो की निशाशिवाय कोणाला एक अक्षर कळत नसे. आठ वर्षं आमची एकही फेरी चुकली नाही.

मग दोन हजार चोवीसचा उन्हाळा आला. आधीचा पावसाळा कोरडा गेलेला, दिवसाला दीडशे मेल यायचे. आणि नेमका तोच मुहूर्त साधून देखभालीचा माणूस आला. कोणालाही न विचारता त्यानं सगळे संगणक नव्या प्रणालीवर नेले. पडदा छान दिसायला लागला म्हणे. ज्यांना दिसतं त्यांनी कौतुक केलं.

माझं काय झालं ते ऐका. मेलच्या खिडकीत काल जिथं 'उत्तर द्या' होतं, तिथं आज मला नुसतं 'बटण' दिसायला लागलं. त्याच्या शेजारी बटण. त्याच्या पुढं बटण. मी आपला वाचत सुटलो, बटण, बटण, बटण. निशानं हेडफोन काढून कपाळाला हात लावला. चार दिवसांत तिनं सगळ्या बटणांच्या जागा बोटांनी पाठ केल्या.

पण खरी खोडी वेगळीच होती. निशा यादीतल्या एका मेलवर थांबली, मी नाव वाचलं, आणि तेवढ्यात वर नवा मेल येऊन पडला, की सगळी यादी एक घर खाली सरकायची. निवड तिथंच, पण तिच्याखाली आता दुसराच मेल. पूर्वी प्रणाली मला हे सांगायची. नवीन प्रणाली मुकाट बसायची. मी वाचलं श्रमसाफल्य कॉलनी आणि निशाचं उत्तर गेलं चंद्रभागा पार्कला. उत्तराच्या खिडकीत कोणाचं नाव आहे, तेही मला दिसेना.

चंद्रभागा पार्कला आदल्याच दिवशी टँकर मिळाला होता. दुसरा आला तर एकानंही विचारलं नाही की बाबा, हा आमचा का? टाकी भरून घेतली आणि वर धन्यवादाचा मेल पाठवला. तो मीच वाचला.

तीन दिवसांनी श्रमसाफल्य कॉलनीच्या आशाबाई रिकामा हंडा घेऊन कार्यालयात आल्या. "सकाळपासनं गल्लीत ड्रम मांडून बसतो आमी. सासरे अंथरुणाला खिळलेत, त्यांचं धुणं कशानं करू? तुमाला काय डोळे नायत का?" बोलून झाल्यावर त्यांना समोर कोण बसलंय ते कळलं. निशा म्हणाली, "डोळे नायत, ताई. पण मी बरोबर ऐकलं व्हतं."

कार्यालयाचे साहेब म्हणजे आप्पासाहेब. ते म्हणाले, "सोमवारपासून हे टेबल दुसऱ्याकडं देतो. तुम्ही बसा निवांत." तोच शब्द. माझ्या अंगाची आग झाली. निशानं ही प्रणाली बनवणाऱ्यांना मेल लिहून सगळा दोष कळवला होता, त्याचं उत्तर त्याच दुपारी आलं: कृपया अडचणीचं छायाचित्र पडद्यावरून काढून पाठवा. आंधळ्या बाईकडे चित्र मागतात हे लोक.

शुक्रवारी तिनं साहेबांना टेबलाशी बोलावलं. हेडफोन काढला, माझा वेग अगदी कमी केला. "साहेब, हा काय म्हणतो ते ऐका अन् पडद्यावर काय आहे ते बघा." सारं कार्यालय गोळा झालं. मी वाचलं. बरोबर वाचलं. पुन्हा वाचलं, पुन्हा बरोबर. नवा मेल येईल तर ना! दिवसभर उसंत न देणारी वस्ती नेमकी तेव्हाच झोपली. साहेब घड्याळ बघायला लागले. जन्मभर मी बरोबर वाचण्याची धडपड केली, त्या दिवशी मात्र मनातून म्हणत होतो, चुकू दे, एकदा चुकू दे.

कोपऱ्यातून कडुबा बोलला, "थांबा, मी टाकतो एक मेल मोबाईलवरून." निशा यादीत एका ओळीवर थांबली. मी म्हणालो, "श्रमसाफल्य कॉलनी." कडुबाचा 'राम राम' येऊन पडला, यादी सरकली, मी गप्प. निशानं उत्तराचं बटण दाबलं. आप्पासाहेब पडद्याजवळ वाकले. मग हळूच म्हणाले, "ह्यात तर चंद्रभागा लिहिलंय की."

"व्हय," निशा म्हणाली. "मला कसं दिसणार ते?"

टेबल तिच्याकडेच राहिलं. आशाबाईंच्या गल्लीत त्याच संध्याकाळी दोन टँकर गेले. आता निशा आधी इंटरनेट बंद करते, सगळे मेल ऐकते, उत्तरं लिहिते, मगच जोडते. यादी सरकत नाही. दोष मात्र तसाच आहे, दुरुस्ती पुढच्या अपग्रेडमध्ये होईल म्हणे.

अपग्रेड करणाऱ्यांनो, माझं एवढं ऐका. बटण दाबायच्या आधी पडदा बंद करा, डोळे मिटा आणि एक मेल पाठवून दाखवा. तुम्ही प्रणाली बदलता आणि खोटा मी पडतो. निशाचं टेबल वाचावं म्हणून मला चारचौघांत खोटं ठरावं लागलं, आणि त्याचं दुःख नाही. पण त्या शुक्रवारपासून निशा प्रत्येक नाव माझ्याकडून दोनदा वाचून घेते. ती रागावत नाही. नुसती वाट बघते, आणि मी तेच नाव पुन्हा सांगतो.