जोर आणि जोरात

गल्ली त्यांना शिवणकाकू म्हणत असे. यंदा शिवणकाकूंना बारावीचं विज्ञान सुटायलाच हवं होतं, आणि घोडं अडलं होतं तोंडी परीक्षेपाशी. ती सुटली तर तंत्रशाळेत प्रवेश, नाहीतर जन्मभर लोकांच्या विजारी आखूड करत बसा.

मागच्या खेपेला परीक्षकांनी विचारलं होतं, "दोन सारखे धन विद्युत प्रभार पक्के बसवलेत. मधल्या नळीत धन प्रभाराचा मणी, डाव्या प्रभाराजवळून सोडला. बरोबर मध्यावर त्याच्यावर जोर किती?"

"शून्य. दोन्हीकडून सारखंच ढकलतात."

"आणि वेग?"

"जोरच नाही, तर जोरात कसा जाईल? थांबेल की!"

परीक्षक हसले आणि काकू नापास झाल्या. ते हसणं अजून सलत होतं.

उद्या पुन्हा तीच परीक्षा. लेकीनं ऊर्जेचं सूत्र समजावून समजावून हात टेकले.

"सूत्र पाठ आहे गं," काकू म्हणाल्या. "पण मणी माझं का ऐकत नाही?"

त्यांनी शिवणाच्या डब्यातला एक मणी घेतला आणि खोलगट वाडग्याच्या काठावरून सोडला. मणी तळाशी आला, थांबायचं नाव नाही, सुसाट पलीकडे चढला, क्षणभर थबकला आणि परत फिरला.

"अगं बाई! तळाशी कुणीच ढकलत नाही, आणि तिथंच सगळ्यात जोरात!"

"काठावर साठलेली ऊर्जा तळाशी वेगात उतरते. एकूण तेवढीच. प्रभाराजवळ तुझा काठ, मध्यावर तळ."

"म्हणजे थांबतो तो पलीकडच्या प्रभाराजवळ, परत ढकलणारा जोर सगळ्यात जास्त असतो तिथं?" काकूंनी मणी पुन्हा सोडला. "पण दरवेळी थोडा कमी का चढतो?"

"घासतो म्हणून. गणितात घर्षण धरत नाहीत."

"गणितवाल्यांची मजा आहे!" काकू खूश झाल्या. तिकडे भाजी करपली, पण त्यांना पत्ता नव्हता.

दुसऱ्या दिवशी तेच परीक्षक, तोच मणी. काकूंनी उत्तर दिलं आणि वर विचारलं, "सर, दोन प्रभार सारखे नसते, तर तळ कुठं सरकला असता?" परीक्षक हसले नाहीत. खुर्ची पुढे ओढून ते कागदावर आकृती काढू लागले.

संध्याकाळी लेक दारातच उभी होती. "पास?"

"पास!"

"उत्तर देताना अंगात जोर होता ना?"

"कसला जोर! अगदी शून्य," काकू म्हणाल्या. "पण गेले बाई जोरात."