मीटर न लावलेला अँटेना

माझ्या मेहुण्याला मी मनातल्या मनात आलेखराव म्हणतो. आमच्या प्रयोगशाळेत तो दोन वर्षांपूर्वी लागला, आणि संगणकावर देखणे आलेख काढण्यापलीकडे त्याने काडीचं काम केलेलं नाही. बायकोसमोर मी हे बोलत नाही, तिच्या कपाळाला आठ्या पडतात.

आमचं काम असं. हवेत टीव्ही, मोबाइल, वायफाय यांच्या लहरी फुकट फिरत असतात. त्या सगळ्या एकाच अँटेनाने पकडायच्या, त्यांची वीज करायची आणि तिच्यावर शीतगृहातला तापमापक बॅटरीशिवाय चालवायचा. एकाच लहरीसाठी अँटेना कुणीही करेल. सगळ्यांना पुरणारा करायला अक्कल लागते. मी चार वर्षं तांब्याच्या पत्र्याची कडा कानशीने अर्धा अर्धा मिलिमीटर घासत काढली. आलेखरावांनी आपला चार महिन्यांत उरकला. आकार बघाल तर कुत्र्याने चावलेली चप्पल.

दोन्हींतला एकच पुढे जाणार होता. निवड साहेबांची, आणि साहेबांची समज एवढीच की आलेखातली रेघ खाली गेली की चांगलं. म्हणून मीच म्हणालो, "आलेख राहू द्या. दोन्ही खिडकीत लावू. ज्याच्यावर तापमापक चालेल तो घ्या."

मंगळवारी सकाळी वरच्या मजल्यावर, प्रक्षेपणाच्या मनोऱ्याकडे तोंड करून, आधी माझा अँटेना लावला. सर्किटला मीटर जोडला, कारण व्होल्ट चढताना मला डोळे भरून पाहायचे होते. सात मिनिटांत तापमापकाचे आकडे उमटले. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना टाळ्या वाजवायला निमित्तच लागतं.

मग मेहुण्याचा. मी मीटर काढून घेतला.

"भावोजी, मीटर नको का?"

"शून्य बघायला मीटर कशाला? आकडे उमटले तर हाक मार."

अर्धा तास गेला, काही उमटलं नाही. साहेबांनी माझा अँटेना मंजूर केला. मेहुणा मान खाली घालून वायरी गुंडाळत बसला. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला दोन घास जास्तच गेले.

दुपारी कप धुवायला गेलो, तर तो मागोमाग आला आणि त्याने दार लोटून घेतलं.

"भावोजी, रागावू नका. तुमच्या अँटेनाचा मीटर मी काढून पाहिला. तापमापक बंद पडला."

"मग?"

"मग अँटेना काढला आणि नुसता मीटर ठेवला. तर चालू! मीटरच्या वायरी दीड दीड मीटर लांब आहेत, मनोऱ्याच्या लहरी त्याच पकडत होत्या. मीटर लावला की माझाही चालतो. आपण दोघंही नापास."

मोजायची वायर हीसुद्धा अँटेना असते, हे नव्या माणसाला मी पहिल्याच दिवशी सांगतो. विसरलो नव्हतो. मेहुण्याच्या अँटेनाची मीटर लावण्याइतकीही लायकी मला वाटली नव्हती, एवढंच. त्यालाही लावला असता, तर त्या चपलेवर तापमापक चालताना बघून मला तिथल्या तिथे संशय आला असता.

"साहेबांना सांगितलंस?"

"छे! कुणालाच नाही. ताईलाही नाही. तुमची चार वर्षं आहेत यात. आपण दोघं मिळून गुपचूप दुरुस्त करू."

हे तो इतक्या मायेने म्हणाला की माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्याने चार लोकांत माझी फजिती केली असती तर ती मी पचवली असती. पण आता हा जन्मभर घरी येणार, समोर जेवायला बसणार आणि माझ्याकडे समजूतदारपणे बघणार! असल्या माणसाचे उपकार मला नकोत.

कप तसाच टाकून मी साहेबांच्या खोलीत गेलो आणि सगळं सांगून टाकलं. चार वर्षांवर पाणी सोडलं. साहेबांना तो प्रामाणिकपणा वाटला. तो निव्वळ तिरस्कार होता.

"चूक पकडली कुणी?" साहेबांनी विचारलं.

मेहुणा दारात येऊन उभा होता. दोन वर्षांत त्याच्याबद्दल एक चांगला शब्द मी काढला नव्हता.

"याने," मी म्हणालो.

"मग यापुढे हे काम हाच सांभाळेल."

"भावोजी बरोबर असतील तरच," मेहुणा म्हणाला. "त्यांच्याशिवाय मी नाही करणार."

साहेबांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी त्याच्या हाताखाली लागलो.