नवव्या रांगेची झोप

या, जरा पुढे सरका, मागून येणाऱ्यांनाही जागा होऊ द्या. प्रिलेप नावाच्या गावातल्या स्पासियाची गोष्ट सांगतो. गोष्ट भक्तीची आहे आणि थोडी फजितीचीही.

चाळीस वर्षं तंबाखूची पानं वाळवायला सुईनं ओवलेली ही बाई. गावाबाहेर सरकारी परवान्यानं औषधी गांजाची बंदिस्त लागवड सुरू झाली, तेव्हा कलमं करायला तिलाच बोलावणं आलं. खोलीला खिडकी नाही, छताला दिवे. अठरा तास उजेड दिला की ते झाड नुसतं पानांनी माजतं. बारा तास उजेड आणि बारा तास सलग काळोख मिळाला की मात्र त्याला वाटतं, दिवस लहान झाले, आता फुलायला हवं. वीज रात्री स्वस्त, म्हणून तिथं रात्रीचा दिवस करत. सकाळी आठला दिवे मालवून स्पासिया दार लावायची. संध्याकाळी आठपर्यंत आत चिटपाखरू जायचं नाही.

तिसऱ्या आठवड्यात आठ रांगा पांढऱ्या तुऱ्यांनी भरल्या. भिंतीलगतची नववी मात्र ढिम्म. हिरवीगार, उंच, पण फुलाचं नाव नाही.

"मावशी, तुमची कलमंच बिघडलीत," तरुण कृषितज्ज्ञ ब्लागोय म्हणाला. "शुक्रवारी ही रांग उपटू. पुढची कलमं दुसरं कुणी करेल."

"माझी कलमं बिघडली? अरे, तुला शेंबूड पुसता येत नव्हता तेव्हापासून मी रोपं लावतेय!"

"तंबाखूची, मावशी."

"झाड ते झाड. या रांगेची कुणीतरी झोपमोड करतंय. उद्या दिवे मालवल्यावर आपण दोघं आत बसू. ज्याचा उजेड सापडेल, त्यानं सगळ्यांदेखत माझ्या हाताचा मुका घ्यायचा."

"आणि नाही सापडला तर?"

"तर ही रांग मीच उपटीन, आणि घरी जाईन."

दुसऱ्या दिवशी रोजची कामं उरकून ती आत आली. दार लागलं. दोघं पालथ्या बादल्यांवर बसली. आधी डोळ्यांत बोट घातलं तरी दिसेना. ब्लागोयनं खिशातलं बुरेक, चीज भरलेली खारी, काढलं, तर तिनं आवाजावरूनच दटावलं, "देवळात खातोस का रे?"

अर्ध्या तासानं डोळे काळोखाला सरावले. मग नवव्या रांगेच्या पानांवर हळूहळू तांबूस उजेड थरथरताना दिसला.

स्पासियानं क्रूसाची खूण केली. "संत त्रिफुन! रोपांचे राखणदार! ब्लागोय, गुडघे टेक! स्वतः आलेत!"

"मावशी," ब्लागोय हळूच म्हणाला, "संतांना सूर्यफुलाच्या तेलाचा वास येतो का?"

ती उठली. भिंतीतल्या हवेच्या जाळीला डोळा लावला. पलीकडे बोळात तिनंच लावलेली संत त्रिफुनची तसबीर होती, आणि तिच्यापुढे लाल काचेचा दिवा. दार लावलं की रोज सकाळी ती तो पेटवायची; आजही पेटवूनच आत आली होती. नवरा दोने शेवटच्या दुखण्यात कण्हत कण्हत गेला. त्या वेळी असलं औषध कुठं होतं? दिवा त्याच्यासाठी होता. बारा तासांच्या काळोखात तिनं आत कधी पाऊल टाकलं नव्हतं, मग तिला कळणार कसं?

"लाल उजेडानं तर ही झाडं लगेच जागी होतात," ब्लागोय म्हणाला. "कलमं चांगलीच आहेत, मावशी. पण दिवा विझवावा लागेल."

"विझणार नाही. जागा बदलेल. दिवा देवाचा, तसा काळोखही त्याचाच. मीच दोघांची गाठ घालून दिली."

मग दार उघडून ती बाहेर आली, सगळ्यांना गोळा केलं आणि पैजेप्रमाणे स्वतःच्याच हाताचा मोठ्ठा मुका घेतला. हसून हसून ब्लागोयला भिंतीचा आधार घ्यावा लागला. त्याच दुपारी तसबीर आणि दिवा बाहेरच्या फाटकाशी गेले. शुक्रवार आला, रांग कुणी उपटली नाही. दोन आठवडे रोज बारा तास सलग काळोख मिळाला, आणि नववी रांग पांढरी झाली. पुढची कलमंही स्पासियानंच केली.

तेव्हा मंडळी, सांजवात लावाल ना, तेव्हा त्या दोनेची एकदा आठवण काढा. कण्हत गेलेला माणूस तो. त्याच्या नावाचा दिवा फाटकाशी अजून तेवतो आहे.