अफशाचा पॉवर सप्लाय

बल्ब लख्ख पेटला, अगदी पूर्ण उजेडात — म्हणजे चुकलं. अफशाने बटण बंद केलं आणि स्वतःशीच हसली. सीरिज बोर्डावरचा हा साधा बल्ब; कुठलीही नवी जोडणी आधी त्याच्यामार्फत वीज घेऊन तपासायची. काही उलटसुलट झालं असेल तर बल्ब पेटतो आणि बाकीचं सगळं वाचतं. सासऱ्यांकडे, याकूबमियांकडे, असा एखादा बल्ब असता तर... त्यांनी सौदीहून आणलेला टेपरेकॉर्डर, तिथल्या निम्म्या दाबाच्या विजेवर चालणारा. मागचं बटण फिरवायचं राहिलं, तसाच इथल्या प्लगात खुपसला, आणि गाणं वाजायच्या आधी धूर निघाला. त्यांच्या गावात, वरश्यात, ज्या ज्या घरातला माणूस आखातात गेला, त्या प्रत्येक घराने ही चूक एकदा केलेली, आणि प्रत्येक घराने कंपनीच्या नावाने बोटं मोडलेली.

टेप मेला असं ठरलं आणि माळ्यावर गेला. आतला ट्रान्सफॉर्मर मात्र जिवंत होता, हे उघडून बघायचं कुणाला सुचलं नाही. अफशाने परवा तो काढला. तिला पॉवर सप्लाय करायचा होता — बटण फिरवावं तेवढेच व्होल्ट देणारा, स्वतःच्या टेबलाचा. पेणच्या मूर्तींच्या कारखान्यांतून मखराच्या दिव्यांच्या माळा दुरुस्तीला येतात. एक पाच व्होल्टची, दुसरी बाराची, तिसरीवर काही लिहिलेलंच नसतं. दर वेळी नवा चार्जर हुडकायचा तिला वैताग आला होता.

"गो अफशा, घर पेटवशील हां येक दिवस," सासू दारातून म्हणाली. हाजराबींना तो लख्ख उजेड दिसला होता.

"नाय पेटत, अम्मी. त्यासाठीच बल्ब हाय."

"जुहेब आला की बघंल सगलं. तू आता सोड ह्ये."

सोड. तिच्या नवऱ्याने, जुहेबनेही परवा आखातातून, दोह्याहून, फोनवर तेच सांगितलं होतं, किती प्रेमाने — या वेळी सुट्टीवर नाही, कायमचा येतोय, रोह्यात गाळा घेऊ, दुरुस्तीचं दुकान मी बघीन, तू खूप केलंस, आता आराम कर. एवढी वर्षं जे ऐकायला कान आसुसले होते तेच तो बोलला, आणि ती घाबरली. नवरा घरी येतोय म्हणून घाबरणारी बाई... कुणाला सांगायचं? आणि सांगून पटणार कुणाला? लग्नाआधी केलेलं आयटीआय, नंतर पदर खोचून एकेक पाना, एकेक मीटर जमवून उभं केलेलं हे टेबल, 'अफशाकडे टाक, होईल' म्हणणारे पार निडी गावापासूनचे लोक — हे सगळं सोडून आराम म्हणजे नक्की काय करायचं असतं, तेच तिला माहीत नव्हतं.

तिने तारांकडे पाहिलं. इथल्या विजेसाठी ट्रान्सफॉर्मरची दोन वेटोळी एकामागे एक जोडायला हवीत, तशी तिने जोडलीही होती. पण एकाची टोकं उलटी लागली होती, आणि दोघं एकमेकांचं काम खोडून काढत होती. कोण चुकलं? कुणीच नाही. टोकं बदलायची, बस. तिने बदलली, बटण दाबलं. बल्ब क्षणभर मिणमिणला आणि विझला, आणि ट्रान्सफॉर्मर हळू आवाजात घुमू लागला.

मग बाकीचं आलंच — डायोड, मोठा कपॅसिटर, रेग्युलेटर, सगळं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, डब्याला अर्थिंग. तिने मीटर लावून गोल बटण फिरवलं. तीन... पाच... बारा. पेणची एक माळ जोडली. माळ झगमगली, पण भार पडूनही मीटरवरचा बाराचा आकडा जागचा हलला नाही. आपण जमवलं, कुणालाही न विचारता — हे तिला वाटलं, आणि वाटू दिलं.

दुपारी जुहेबचा व्हिडिओ कॉल आला. तिने डबा दाखवला.

"अगो, मी तयार आणला असता की हितून."

"नका आणू. हा माझा हाय. आणि ऐका, गाळ्यात दोन टेबलं लागतील. उजेडाकडचं माझं."

"तू... पण तुला आराम—"

"आराम रविवारी करू. दोघं."

तो गप्प झाला. परक्या मुलखात एकटा राहणारा माणूस, त्याला का दुखवायचं, म्हणून एरवी असं झालं की ती घाईने काहीतरी बोलायची, अम्मींचं दुखणं, भाताची लावणी, काहीही. आज तिने ती पोकळी भरली नाही. पडद्यावर त्याचं चिंतेत पडलेलं तोंड, कानशिलाजवळ पांढरे झालेले केस... किती आवडतो हा मला, तिला वाटलं, आणि त्या आवडण्यातही ती तसूभर मागे सरकली नाही.

"बोल की," तो शेवटी म्हणाला.

"बोलले की," अफशा म्हणाली, आणि त्याचं उत्तर यायच्या आतच तिला बरं वाटू लागलं.