बटणचा पिंजरा

मित्रांनो, मला बघून लगेच नाक मुरडू नका. माझ्या तारांना गंज चढलाय, दार एका कडीवर लोंबकळतंय आणि पोटात कांदे भरलेत, हे मलाही दिसतं. पण मी काही कांद्यांसाठी जन्माला आलो नव्हतो. मी हॅमस्टरचा, म्हणजे गुबगुबीत पाळीव उंदराचा, पिंजरा आहे. माझ्यात एक जीव राहून गेला, त्याची ही हकिकत. ती गोड नाही हे आधीच सांगून टाकतो, मागाहून तक्रार नको.

माझा जन्म पत्र्याच्या छपराच्या एका कारखान्यात झाला. तिथे दिवसभर तारा कापायचं, वाकवायचं आणि जोडायचं काम चाले. जोडणाऱ्या बाईला बोलायची भारी हौस. इकडे ठिणग्या उडताहेत आणि तिकडे हिच्या तोंडाचा पट्टा सुरू. पण पिंजरा पुरा झाला की ती गप्प व्हायची आणि तारेच्या एकेका टोकावरून अंगठा फिरवायची. कुठे टोचलं की कानस घेऊन घासत बसायची. "कुणाच्या तरी पोराचा हात लागायचाय याला," असं म्हणायची. मला ते फार आवडे. आपण कुणाला टोचणार नाही, एवढी खात्री घेऊन मी तिथून बाहेर पडलो.

पुढे मी एका दुकानात आलो. माशांच्या टाक्या बुडबुडत होत्या, पोपटांनी कान किटवले होते आणि सगळीकडे दाण्यांचा आणि लाकडाच्या भुश्शाचा वास होता. दुकानदार बोलायला गोड. कुणी काहीही विचारलं की त्याचं एकच उत्तर ठरलेलं. "काही नाही हो, एकदम सोपं!" कासव सोपं, ससा सोपा, मासे तर काय, बघायचीसुद्धा गरज नाही. मला तेव्हा वाटायचं, काय हुशार माणूस आहे!

एका दुपारी तिथे तिघं आले. आई, बाबा आणि त्यांची मुलगी. मुलीला घरात सगळे ठकू म्हणत. शाळेत जायला लागून तिला फार दिवस झाले नव्हते. तिला खरं तर कुत्रा हवा होता, पण घरमालकाने कुत्र्याला साफ नकार दिला होता. म्हणून मग हॅमस्टर. आई पडदे शिवायची आणि बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. दोघांना दम टाकायला सवड नाही, आणि पोरगी घरात एकटी.

"पण लहान मुलांना जमेल ना?" आईने विचारलं.

"एकदम सोपं!" दुकानदार म्हणाला. "दाणे टाका, पाणी ठेवा, झालं. लहान मुलांसाठीच असतात हे."

हॅमस्टर दिवसभर झोपतो, त्याला गार जागा सोसत नाही, यातलं अवाक्षर त्याने काढलं नाही. आणि त्यांनी विचारलंही नाही. सोपं म्हटल्यावर माणसं पुढचं कशाला विचारतील?

काचेच्या पेटीत बरेच हॅमस्टर होते. भर दुपारी झोपमोड झाल्यामुळे सगळे सैरावैरा पळत होते. एकटा कोपऱ्यात गोळा होऊन गाढ झोपला होता. ठकूने त्याच्यावरच बोट ठेवलं. "हा दमलाय. याला घरी नेऊ या."

बाबा हसले, पण त्यांनी तोच घेतला. डोळे उघडल्यावर ते दोन काळ्या बटणांसारखे दिसले, म्हणून ठकूने त्याचं नाव बटण ठेवलं. बटण माझ्यात आला आणि त्या दिवसापासून मी रिकामा राहिलो नाही.

मित्रांनो, त्या घराची एक गोष्ट तुम्हाला सांगायलाच हवी. तिथे मुलीशी खोटं बोलायचं नाही, असा नियम होता. डॉक्टरकडे जाताना इतर आया सांगतात ना, "अजिबात दुखणार नाही हं"? ठकूची आई सांगायची, "दुखेल, पण थोडंच." बाबा उशिरा येणार असतील तर उशिराच येणार असं सांगत. ठकूला याचा कोण अभिमान! "माझे आईबाबा माझ्याशी खोटं बोलत नाहीत," असं ती जिन्यात भेटेल त्याला सांगायची. मलाही ते घर फार बरं वाटलं.

सुरुवातीला बटणचे आणि तिचे सूर काही जुळेनात. ती शाळेतून यायची तेव्हा हे महाराज भुश्शात तोंड खुपसून झोपलेले. ती दार उघडून त्याला ढोसायची. एकदा तो तिच्या बोटाला कडकडून चावला. काय रडली पोर! पण पठ्ठी हटली नाही. त्याची वेळ संध्याकाळची, हे तिचं तिनेच ओळखलं. मग ती माझ्यासमोर पालथी पडून राहायची, तळहातावर सूर्यफुलाच्या बिया ठेवून, श्वास धरून. बरेच दिवस तो फिरकला नाही. आणि एका संध्याकाळी तो आला, तिच्या हातावर चढला आणि दोन्ही गालांत बिया कोंबून पळाला. गाल असे फुगले होते की पठ्ठ्याला माझ्या दारातून आत शिरता येईना! ठकू हसून हसून लोळली.

तो झोपलेला असला तरी ती त्याला बघत बसायची. "आई, झोपेत याची मिशी हलते. आधी डावीकडची हलते," असं ती सांगायची. मशीनच्या आवाजात आई म्हणायची, "हो का? छान!" मलाही त्याचा जीव कळायचा, माझ्या पद्धतीने. तो माझ्या तळाला पोट टेकून झोपे आणि त्याच्या छातीची धडधड माझ्या पत्र्यात उतरे. इतकी भरभर, की ठोके वेगळे काढता येत नसत. माझ्या आयुष्यातलं सुख म्हणाल तर तेवढंच.

माझी जागा आईच्या मशीनशेजारी होती आणि तिथेच सगळं बिनसलं. भुस्सा वेळच्या वेळी बदलायला हवा. पण आईच्या हातात कापड, बाबा दुसऱ्याच्या इमारतीत लोंबकळणाऱ्या लिफ्टमध्ये, आणि ठकूला पिशवी उचलत नसे. मला वास मारायला लागला. एक दिवस एक गिऱ्हाईक नवेकोरे पडदे परत घेऊन आली. पडदा नाकाला लावून म्हणाली, "अहो, याला उंदराचा वास येतोय!" आईचा चेहरा पडला. तिने ते सगळे पडदे धुतले, इस्त्री केली, माफी मागितली. गिऱ्हाईक गेल्यावर तिने मला उचललं आणि गॅलरीत नेऊन ठेवलं.

तिचं तरी काय चुकलं? घर त्या मशीनवर चालत होतं.

थंडी पडायला लागली होती. बाबांनी माझ्यावर जुना टॉवेल टाकला. ठकूने विचारलं, "बाबा, त्याला गारठा लागणार नाही?" बाबांनी नीट विचार करून उत्तर दिलं, "त्याच्या अंगावर केसांचा कोट आहे ना, त्याला चालतं." हे खोटं नव्हतं. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

वारा टॉवेलखालून आत यायचा. माझ्या तारा बर्फासारख्या गार पडायच्या आणि मला काही करता यायचं नाही. पिंजऱ्याला भिंती नसतात, मित्रांनो, नुसत्या फटी असतात. बटण ज्यावर रात्रभर पळायचा, ते माझ्यातलं चाक फिरायचं थांबलं. त्याने भुस्सा ओढून ओढून कोपऱ्यात गोळा केला आणि त्यात शिरला. त्याची धडधड हळू होत गेली. एका सकाळी ती इतकी हळू झाली की मला एक ठोका लागे, मग बराच वेळ काहीच नाही. मी घाबरून वाट बघत राही, आणि मग पुन्हा एक.

तो मेला नव्हता. थंडीने त्याचं अंग मिटून गेलं होतं, एवढंच. ते मला कळत होतं, कारण ठोका माझ्या पत्र्यात पडत होता.

बाबांनी टॉवेल काढला तेव्हा बटण हलला नाही. त्यांनी पेन्सिलीने त्याला हळूच ढकललं. मग हात लावला. "गार पडलाय," ते आईला म्हणाले. दुसरं एखादं घर असतं तर पोरगी शाळेत गेल्यावर गुपचूप तसाच दुसरा आणून ठेवला असता. पण इथे नियम होता. आईने मशीनचा दिवा बंद केला, ठकूला गॅलरीत आणलं, मांडीवर घेतलं आणि सांगितलं, "ठकू, बटण मेला. मेला म्हणजे तो आता उठणार नाही. तुला रडू आलं तर रड."

किती शहाणपणाने सांगितलं होतं तिने! मला ओरडावंसं वाटत होतं.

ठकू रडली नाही. ती वाकून बघत राहिली. "झोपलाय," ती म्हणाली.

"नाही गं राणी."

"मिशी हलली त्याची. डावीकडची."

"वारा आहे ना, त्याने हलली असेल."

"नाही आई, त्याची त्यानेच हलवली. थांबा ना जरा!"

बाबा थांबले, खरंच थांबले. गुडघ्यावर बसले, चेहरा माझ्या तारांना लावला आणि बटणकडे टक लावून पाहिलं. मी ठोक्याची वाट बघत होतो. पड रे, आता पड. बाबांनी मान हलवली आणि ते उठले. ते उठल्यावर ठोका पडला.

आईने ठकूची हनुवटी धरून तिचा चेहरा आपल्याकडे वळवला. "आम्ही तुझ्याशी कधी खोटं बोलतो का?"

ठकूने बराच वेळ विचार केला. "नाही," ती म्हणाली. आणि मग ती रडायला लागली.

बाबांनी एक पुठ्ठ्याचा खोका आणला. आईने त्यात मखमलीचा तुकडा घातला, तिच्याकडचा सगळ्यांत चांगला, जाड आणि ऊबदार. बटणला त्यात गुंडाळून झाकण लावलं. इमारतीमागच्या झाडाखाली बाबांनी खड्डा खणला, ते मला गॅलरीतून दिसत होतं. ठकूने त्यावर हातांनी माती लोटली. त्या मखमलीत त्याला ऊब आली असेल का, तो जागा झाला असेल का, याचा मी विचार करत नाही. करत नाही असं म्हणतो फक्त. रोज करतो.

संध्याकाळी आई फोनवर कुणाला तरी सांगत होती, "अगं, किती समजूतदारपणे घेतलं तिने! खरं सांगितलं की मुलांना कळतं."

काही दिवसांनी बाबांना राहवलं नाही. त्यांनी मला घासूनपुसून लख्ख केलं आणि नवा हॅमस्टर आणायला काखेत मारून त्याच दुकानात नेलं. दुकानदाराने विचारलं, आधीच्याला काय झालं? बाबांनी सांगितलं. गॅलरी, थंडी, सकाळी गार पडलेला.

"कडक झाला होता?" दुकानदाराने विचारलं.

"नाही. मऊच होता."

दुकानदाराचा हात दाण्यांच्या डब्यातच राहिला. "मऊ होता?" त्याने आवाज खाली आणला. "मग... हातात धरून बसायचं हो थोडा वेळ. थंडीत पडतात हे असे. ऊब मिळाली की कधीकधी उठतात."

"कधीकधी म्हणजे?"

"म्हणजे... उठतात."

"तुम्ही सांगितलं का नाही?"

"तुम्ही विचारलं नाहीत," दुकानदार म्हणाला आणि पोपटांकडे बघायला लागला. एकदम सोपं!

बाबा मला घेऊन चालत घरी आले. वाटेत त्यांनी मला इतकं घट्ट धरलं होतं की माझं दार वाकलं. घरी ठकू दाराशीच उभी होती. तिने माझ्यात डोकावून पाहिलं. मी रिकामा.

"संपले होते," बाबा म्हणाले. "दुकानात एकही उरला नव्हता."

आईचं मशीन थांबलं. तिने बाबांच्या तोंडाकडे पाहिलं. तिला काहीतरी कळलं असावं, पण तिने विचारलं नाही.

"बरं झालं," ठकू म्हणाली. "मला नकोच होता."

"का गं?"

"मला नाही ना कळत, कोण झोपलंय आणि कोण मेलंय ते. मला बटण झोपल्यासारखाच वाटत होता." तिने बाबांचा हात धरला. "तुम्हाला कळलं म्हणून बरं. नाहीतर मी वेड्यासारखी तो उठायची वाट बघत बसले असते."

बाबा चपला न काढता तिथेच खाली बसले. तिने त्यांचा हात सोडला नाही.

त्यानंतर माझ्यात कांदे आले. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. तुम्हीही कधीतरी एखादा इवलासा जीव घरी आणाल, मित्रांनो. तो कधी झोपतो, त्याला काय सोसत नाही, हे आणायच्या आधी विचारून घ्या. आणि एखाद्या सकाळी तो गार लागला, तर खड्डा खणायची घाई करू नका. त्याला हातात घ्या. शेजारी उभं असलेलं मूल "थांबा" म्हणालं, तर ते पुरे म्हणेपर्यंत हात मागे घेऊ नका.