शमूच्या घराच्या खोल्या

साक्षीदार आत गेला की माझ्या धाकट्या भावाच्या घराला एक खोली वाढते. मी स्वतः पाहिलं आहे.

आईला माती देताना शमू खदखदून हसला. आमच्या ख्रिस्ती मंडळीचा नियम प्रेषितांच्या काळापासूनचा आहे: भाऊ चुकला तर आधी एकट्याने जाऊन सांगावं. नाही ऐकलं, तर एकदोन साक्षीदार न्यावेत. तरी नाही, तर मंडळीपुढे ठेवावं. मंडळीचंही ऐकलं नाही, तर तो परका. मला एकच भाऊ. तो परका होऊ नये म्हणून मी दुसऱ्याच दिवशी त्याच्याकडे गेलो.

"हसलो खरा," शमू म्हणाला. "आई पेटीतून म्हनली, शम्या, पाळकसाहेबांचा झगा उलटा हाये."

"तू एकट्यानंच ऐकलंस. एका तोंडाची साक्ष धरत नाहीत."

"मंग आन की दुसरं तोंड. आधी च्या घे."

मी पंच कोंडाजी उजागरे यांना नेलं. हसणं म्हणजे पाप, असं मानणारा माणूस. त्यांनी उंबरा ओलांडला तशी शमूच्या घरामागे, कब्रस्तानाच्या बाजूला, एक खोली उगवली. गिलावा ओला होता. कोंडाजी आत गेले, भिंतीला कान लावला आणि हसू लागले. बाहेर आलेच नाहीत. मग शाळेच्या सुमतीबाईंना नेलं. त्यांची खोली कोंडाजींच्या पुढे निघाली. त्याही आत हसत बसल्या.

दोन तोंडं झाली होती. गोष्ट शाबीत झाली होती. तरी मी मंडळीला बोलावलं. खरं सांगतो, शमूच्या हसण्याचा मला राग नव्हताच. आई त्याच्याशी बोलली आणि माझ्याशी नाही, हे मला सोसत नव्हतं. थोरला मी. शेवटपर्यंत तिचे पाय मी चेपले.

रविवारी उपासना संपल्यावर सगळे निघाले, पाळकसाहेब उलट्या झग्यातच. घर लांबत गेलं, ओढा ओलांडून, कब्रस्तानाचं कुंपण पोटात घेऊन. शेवटचं माणूस आत गेलं. मंडळी आत आणि अंगणात मी एकटा. परका कोण, हे विचारायची सोय राहिली नाही.

शमू बाहेर आला. एकटाच, नियमाप्रमाणे.

"दादा, तुझं काय चुकलं ते सांगाया आलोय. दोघांतच."

"सांग."

"आईनं पयली हाक तुलाच मारली व्हती. तू लई मोठ्यानं प्रार्थना म्हनत व्हतास."

त्याने माझा हात धरला, लहानपणी बाजारात धरायचा तसा, आणि मला उंबऱ्याच्या आत नेलं. दारं एकामागून एक उघडत गेली, पार शेवटच्या खोलीपर्यंत. तिथे भिंत नव्हती, नुसती ओली माती होती. सगळ्या मंडळीने हसणं थांबवून ओठांवर बोट ठेवलं. मातीत कुणीतरी श्वास घेतला, बोलण्याआधी घेतात तसा.

माझ्या तोंडून प्रार्थना निघाली, मोठ्याने. शमूने हसत आपला तळहात माझ्या तोंडावर ठेवला.