फळीपलीकडची टकटक

बोट पाण्यात असली की तिला बोट म्हणायचं. गोदीच्या आवारात टेकूंवर चढवून ठेवली की ती नुसती अडगळ, आणि अशा बोटीत मुक्काम ठोकून बसलेला माणूस म्हणजे तर डोक्याला तापच. म्हाताऱ्याला हे कळत नव्हतं असं नाही, पण कळणं आणि वळणं यांची त्याने जन्मभर गाठ पडू दिली नव्हती. गोदीतले लोक त्याला कप्तान म्हणत. कसला कप्तान! आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केली, दुकान बंद केल्यावर ही जुनी लाकडी, शिडाची बोट घेतली आणि बायकोला घेऊन तिच्यातच राहायला गेला. आता बायको जाऊन वर्ष होत आलं होतं. तरी हा रोज शिडी चढून घरात जाई, शिडी उतरून संडासाला जाई, आणि लेकीने 'चला आता माझ्याकडे' म्हटलं की रंगाचा डबा उघडून बसे.

लेक या वेळी निकाल लावायचा असं ठरवूनच आली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी क्रेन येऊन बोट पाण्यात उतरवणार होती. गोदीतल्या सुताराने तिला बाजूला घेतलं.

"ताई, एखादी तरी फळी आतून कुजलीय. माझं मन सांगतंय. पण रंगावर रंग असे चोपडलेत की कुठली ते कळायला मार्ग नाही. उद्या पाण्यात ती फुटली, तर पाणी आत शिरलेलं यांना ऐकूसुद्धा येणार नाही."

ते खरंच होतं. टिकटिक ऐकून घड्याळाचा आजार सांगणाऱ्या त्या माणसाचे कान आता गेल्यातच जमा होते; अगदी कानाशी तोंड नेऊन बोललं तर थोडंफार कळे.

फळ्या तपासायची नवराबायकोची एक रीत होती. तो आत बसून लाकडी हातोडीने फळीवर ठोकायचा, आई बाहेरून त्याच फळीला कान लावायची. चांगलं लाकूड खणखणीत बोलतं, कुजलेलं भद्द वाजतं. फळी ठीक असली की आई बोटाच्या पेराने दोनदा टकटक करायची. गेलेली असली की एकदाच, आणि तिथे खडूने फुली मारायची. त्याला ऐकू येत नसे, म्हणून तो तळहात फळीला लावून बसायचा. उत्तर हाताला कळायचं. "सगळ्या संसारात तुम्ही माझं एवढंच ऐकता," आई म्हणायची, "आणि तेही हाताने."

त्या दुपारी सगळे जेवायला गेले होते. लेक बोटीच्या पोटाखालून चालली होती, तेवढ्यात आतून आवाज आला. ठक. मग शांतता. ती थबकली. पुन्हा त्याच जागी, ठक. मग पुन्हा शांतता, आधीपेक्षा लांब.

तो वाट बघत होता. पलीकडे कुणी नाही हे माहीत असून तळहात लावून बसला होता. लेकीने विचार न करता हात वर केला आणि फळीवर दोनदा टकटक केलं.

आत बराच वेळ काहीच हाललं नाही. मग पुढच्या फळीवर ठक झालं. आता माघार कशी घेणार? तिने दोनदा वाजवलं. पुढची, त्याच्या पुढची, एका बाजूची सगळी झाली, दुसऱ्या बाजूची झाली. रडं आवरत ती बोटीभोवती फिरत राहिली, आणि प्रत्येक फळीला दोन.

संध्याकाळी म्हातारा दोन घास जास्त जेवला. "सुताराला सांग, फळी उघडायची काही गरज नाही," तो म्हणाला. "सगळं लाकूड ठणठणीत आहे. ज्याला कळतं त्याच्याकडून तपासून घेतलंय."

लेकीच्या तोंडचं पाणी पळालं. त्याला बरं वाटावं म्हणून केलं, आणि केलं काय, तर बापाला बुडायला धाडलं. रात्री बोटीतल्या आईच्या बिछान्यावर तिला झोप कसली लागते! सकाळी चहाचा कप त्याच्या हातात दिला आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन ती म्हणाली, "बाबा, काल ती मी होते."

त्याचा चेहरा असा उतरला की तिला वाटलं, बोलले नसते तर बरं झालं असतं.

"तुझी आई इतकं झटपट उत्तर कधीच द्यायची नाही," तो म्हणाला. "आधी विचार, मग टोमणा, मग टकटक. मला तेव्हाच कळायला हवं होतं."

"कळलं नाही?"

"कळू दिलं नाही मी." त्याने चहा संपवला, हातोडी उचलली. "जा बाहेर. आता खरं ऐक."

बाहेर दाट धुकं होतं. गोदीचं फाटक अजून उघडलं नव्हतं, आवारात चिटपाखरू नव्हतं. लेकीने एका हातात खडू घेतला, दुसऱ्या हाताने टेकू धरला आणि गाल फळीला लावला. ठक. बरं वाटलं. दोनदा टकटक. ठक. हीही बरी. पण चारदोन फळ्यांनंतर तिला सगळे आवाज सारखेच वाटायला लागले. कान होता तो आईचा. आपल्याला काय कळतंय, कपाळ!

आईच्या बिछान्यालगतच्या फळीवर ठक झालं. तिने डोळे मिटून घेतले. खणखणीत की भद्द? तिला ठरवता येईना.

आणि तिच्या गालाशेजारी, त्याच फळीवर, बाहेरून टक झालं. एकदाच.

तिने डोळे उघडले. खडू या हातात होता. दुसरा हात टेकूवर होता. धुक्यात कुणी नव्हतं.

"एक?" आतून बाबांनी विचारलं. "नक्की?"

तो शिडी उतरून आला, पेचकस घेतला आणि त्या फळीत रोवला. पेचकस मुठीपर्यंत आत गेला. बाजूने काळं पाणी ओघळलं.

म्हाताऱ्याने पेचकस उपसून पँटला पुसला. मग त्याने लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. "आईचा कान घेतलास गं. क्रेनवाल्याला सांग, आज नको. सुतार आला की ही उघडून घेऊ."

ती मी नव्हते, असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण काल ती खोटं बोलली होती आणि आज सकाळी ते कबूल केलं होतं. आता हे सांगितलं असतं तर त्याला वाटलं असतं, पोरगी पुन्हा समजूत घालतेय. एकदाच खरं सांगण्यासारखं काही हाती लागलं, आणि ते सांगायची सोय तिने आपल्याच हाताने घालवली होती. तिने मुकाट्याने फळीवर फुली मारली.

"अजून ही बाजू राहिलीय," म्हणत तो शिडी चढून आत गेला.

पुढच्या फळीवर ठक झालं. लेकीने डोळे पुसले, फळीला कान लावला, आणि शेजारी एका माणसापुरती जागा ठेवून जराशी सरकून उभी राहिली.